स्टेपनीच्या पोटात

"पुन्हा मोजा," आप्पा म्हणाले. त्यांचं अर्धं अंग डिकीत होतं, त्यामुळे आवाज घुमून बाहेर येत होता.

"काका, तीनदा मोजलं," फिटर म्हणाला. "डिकी काही पहिल्या धुण्यात आटत नाही."

आप्पांची लेक दुकानाच्या दाराशी उभी राहून हसली. तिचा केकचा धंदा होता. रोज सकाळी या डिकीत खोके भरून ती घरोघर पोहोचवायला निघायची. डिकीचा तळ सपाट लागायचा, आणि उंचीही सगळीच्या सगळी. तळ चार बोटं जरी वर आला, तरी दार लावताना तीन मजली केकचा वरचा मजला चेपलाच म्हणून समजा. दिवसभर गाडीत गाणी ऐकायची, तर त्यांना थोडा बेस हवा म्हणून तिला वूफर, म्हणजे खोल सुरांचा स्पीकर, बसवायचा होता. अट एकच : डिकीतली जागा जाता कामा नये.

ती अट आप्पांनी तिच्यापेक्षा घट्ट धरून ठेवली होती.

"सीटमागे खोका ठेवला तर अर्धी डिकी जाते," फिटर म्हणाला.

"मग झालं तर," आप्पा लगेच बाहेर आले. "राहू दे. उगाच हौसेपायी धंदा बुडवायचा नाही."

"ऐका तरी. सीटखाली बसतो तो चपटा असतो, पण तुमच्या सीटखाली जागा बेताची आहे, तिथे फक्त आवाजाला जोर देणारा अँप जाईल. वूफर आपण इथे घालू." त्याने डिकीतला गालिचा आणि त्याखालची फळी उचलली. खाली स्टेपनी होती. "हिच्या पोटात. रिमची वाटी रिकामीच असते. तिच्यात बसेल असा गोल खोका मिळतो. वरून पुन्हा हीच फळी, हाच गालिचा. केकला पत्तासुद्धा लागणार नाही."

"पंक्चर झालं तर?"

"एक बोल्ट काढायचा, वायरीचा चिमटा सोडायचा, खोका उचलायचा."

"एवढ्याशा खोक्यात बेस येतो होय?"

"मोठ्या खोक्याइतका नाही येत. म्हणून तर अँप जरा ताकदीचा घ्यायचा. आपल्याला काय शेजाऱ्यांच्या भिंती पाडायच्यात?"

"आणि केक थरथरला तर?"

"आप्पा," लेक म्हणाली, "केक पोहोचवताना मी बंद ठेवीन. पुरे आता. आणि पहिलं गाणं तुमचंच लावणार आहे. आणलंय मी पेनड्राइव्हमध्ये."

आप्पांनी पुन्हा डिकीत डोकं घातलं. सगळी मोजमापं जे टाळायला चालली होती, ते हेच.

आप्पा वीज-कचेरीत कारकून होते. बिलं, तक्रारी, शिक्के. निवृत्त झाले तेव्हा खुर्चीसुद्धा करकरली नाही. पण तरुणपणी काही वर्षं संध्याकाळी ते एका वाद्यवृंदात डबल बेस वाजवत : माणसाहून उंच असं ते व्हायोलिन, उभ्याने वाजवायचं. वृंदाची एकच तबकडी निघाली. तिच्यातल्या एका गाण्यापुरता नेहमीचा वाजवणारा आजारी पडला आणि बदली म्हणून आप्पा उभे राहिले. बायकोला त्यांनी लग्न ठरताना सांगितलं, लेकीला ती मांडीवर असताना. पण घरच्या टेपवर, रेडिओवर, मोबाइलवर त्या गाण्यात बासरी यायची, व्हायोलिनं यायची, बाई सुरेख गायची. आप्पा कधी आले नाहीत. बारक्या स्पीकरला तेवढा खोल सूर झेपत नाही, हे ते सगळ्यांना समजावून सांगत. बायकोचा भाऊ प्रत्येक कार्याला पंगतीत म्हणायचा, "दाजींचं वाजवणं देवासारखं आहे. आहे म्हणायचं. दिसत नाही, ऐकू येत नाही." सगळे हसत. आप्पाही हसत.

मोठ्या स्पीकरवर ऐकायचा योग दोनदा आला होता. दोन्ही वेळा त्यांचं डोकं दुखू लागलं.

कारण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांना सगळ्यांच्या मागे, दारापाशी उभं केलं होतं. आणि गाणं अर्ध्यावर असताना काचेपलीकडच्या माणसाने त्यांच्याकडे बघत आवाजाचं एक बटण खाली ओढलं होतं. ते आप्पांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुपार उतरली तेव्हा काम संपलं. फिटरने डिकीपाशी वाकून नुसता वूफरच वाजवून पाहिला, फळी लावली, गालिचा पसरला. लेकीने सकाळी आणलेला रिकामा खोका आत ठेवून दार लावून पाहिलं. दार अलगद बसलं.

"जागा काडीइतकीही गेली नाही," ती म्हणाली. "बसा आप्पा."

आप्पा पुढच्या सीटवर बसले. गाणं सुरू झालं. बासरी आली. व्हायोलिनं आली. बाई गाऊ लागली. ज्या जागी यायचं होतं ती जागा आली आणि गेली.

लेकीने आवाज वाढवला. बाई मोठ्याने गाऊ लागली, एवढंच.

"येतंय का?"

"नाही," आप्पा म्हणाले.

"असेल हो. माझंच लक्ष नसेल."

"नाहीये गं." त्यांनी काचेतून समोर पाहिलं. "दाराशी उभं केलं होतं मला. आणि काचेमागच्या माणसाने माझं बटण खाली ओढलं. पाहिलं होतं मी. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती."

लेक त्यांच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "इतकी वर्षं बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं? नक्की कुठे ठाऊक होतं? बंद कर ते."

ती बंद करणार तेवढ्यात मागून फिटरची हाक आली. "ताई, चालू ठेवा." तो हत्यारं गोळा करायला डिकीपाशी वाकला होता. त्याचा तळहात गालिच्यावर होता. "इथे तर झकास वाजतंय. पुढे नाही येत?"

"काहीच नाही."

तो पुढे आला, खिडकीत डोकं घालून ऐकलं, परत मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि मान खाजवू लागला.

"वायर उलटी जोडली मी," तो म्हणाला. "दारातले स्पीकर हवा ढकलतात, तेव्हा हा ओढतोय. एकाने पाणी भरायचं आणि दुसऱ्याने ओतायचं, हंडा रिकामाच. मागे एकटाच तपासला ना, म्हणून कळलं नाही. चूक माझी. थांबा."

दोन वायरींची अदलाबदल करायला त्याला फार वेळ लागला नाही. आप्पांना मात्र उतरून निघून जावंसं वाटत होतं. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला होता आणि तो तिथेच राहिला होता.

गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं. बासरी आली, व्हायोलिनं आली. आणि मग नवा असा कुठला आवाज आलाच नाही. गाण्याखाली जमीन आली. एवढा वेळ बाई जणू अधांतरी गात होती. आता तिच्या पावलाखाली एक जाड, मऊ, सावकाश सूर चालू लागला.

लेकीने आप्पांकडे पाहिलं. "हे तुम्ही?"

आप्पांनी बोट वर केलं. "दुसरं कडवं येऊ दे. तिथे मला उशीर होईल."

दुसरं कडवं आलं. बाई वेळेवर आली, बेस अर्धा ठोका मागाहून धावत आला आणि तिला गाठून पुन्हा चालीला लागला.

"चुकलात," लेक म्हणाली.

"चुकलोच ना!" परीक्षेत पास झाल्यासारखं आप्पा म्हणाले. "त्या काचेमागच्या माणसाच्या हाताकडे बघत होतो मी. त्याने खाली ओढलं, बघ, इथून जरा बारीक झालंय. पण बंद नाही केलं. नुसतं खाली ओढलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छच होता.

"मामाला फोन लावू?"

"फोनवर त्याला बाईच ऐकू येणार."

"मग गाडीत आणून बसवते."

"येईल तेव्हा येईल," आप्पा म्हणाले. त्यांना खरंच घाई उरली नव्हती.

फिटरने डिकीचं दार लावलं आणि गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या. लेकीने गाडी रस्त्यावर घेतली. गाणं संपलं, जुन्या तबकडीची थोडी खरखर आली आणि पुढचं सुरू झालं.

"यात मी नाही," आप्पा म्हणाले. "यात नेहमीचा वाजवणारा आहे."

"मग बदलू?"

"राहू दे."

त्यांनी मान मागे टेकवली. स्वतःला न शोधता ही तबकडी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. बाई गात होती, तिच्याखाली तो दुसरा माणूस नेटका, वेळेवर वाजवत होता.

"चांगलं वाजवायचा हा," आप्पा म्हणाले, आणि थोड्या वेळाने डोळे मिटले.