एप्रनची कड

धाकटीने एप्रनची कड चाचपली. कड सपाट होती.

"जाऊबाई, माझा एप्रन?"

"डाग पडला होता, म्हणून पहाटे मशीनमध्ये टाकला. हा माझा जादाचा घातलास की." थोरली चादरींच्या ढिगाऱ्यातून म्हणाली आणि तिचा चेहरा बघून थांबली. "अगं बाई... त्यात होतं?"

कुलदेवीचा चांदीचा टाक, नखाएवढा. लग्नापासून त्याचं दर्शन झाल्याशिवाय धाकटीने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. इथे या इस्पितळाच्या धोबीखान्यात आल्यावर तिने तो एप्रनच्या कडेत शिवला; रोज सकाळी ती कड डोळ्यांना लावणं हेच दर्शन. परदेशी कामगारांनी आपल्या धर्माची कुठलीही वस्तू जवळ ठेवायची नाही, असं करारातच होतं. सापडली तर पहिल्या विमानाने परत; आणि सोबत आलेला नातेवाईकही. "त्यांना माणसं हवीत गं, माणसांचे देव नकोत," असं थोरली विमानात हसून म्हणाली होती. गावी सासूबाई आणि दोघींची मिळून चार लेकरं त्यांच्या पगाराकडे डोळे लावून होती.

तेवढ्यात मशीन खडखडून थांबलं. गाळणीच्या जाळीतून मुकादमीणबाईने टाक काढला, तोच दारात पहाऱ्याचा साहेब उभा. फेरीची वेळ त्याने नेमकी गाठली होती.

"कुणाचं आहे हे?"

सहाजणी भिंतीशी ओळीने उभ्या राहिल्या. साहेबाने टाक उजेडात धरला. "बाईची आकृती आहे. देवच आहे हा कुणाचा तरी. सांगा लवकर."

वाफेने खोली कोंदली होती. एकीला भोवळ आली, तशी मुकादमीणबाईने सगळ्यांना पाण्याचे पेले दिले. पाचजणी घटाघट प्यायल्या. धाकटीने पेला ओठाला लावला. ओठ घट्ट मिटलेले.

"पी गं," थोरली ओठ न हलवता म्हणाली. "तुझं व्रत सगळ्यांना दिसतंय. देवी रागावली तर मी बघून घेईन, हा रागावला तर काय करू?"

धाकटीने पेला ओठांपासून खाली घेतला. पेला भरलेला तो भरलेलाच राहिला. मान वर केली तर मुकादमीणबाई त्याच पेल्याकडे बघत होती.

संपलं, धाकटीला वाटलं.

"साहेब, रोग्यांच्या खिशातून रोज काय काय निघतं," मुकादमीणबाई म्हणाली. "परवा कवळी निघाली. तिचीही चौकशी करायची का? त्या आजोबांना अजून पेजेवर ठेवलंय."

साहेबाच्या मिशीत हसू हललं. त्याने टाक तिच्या तळहातावर टाकला. "फेकून द्या. माझ्यासमोर."

तिने ढिगातला इस्त्रीचा नॅपकिन उचलला, टाक त्यात गुंडाळला आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत सोडला. नॅपकिनला एक सुरकुती पडली तरी दिवसभर तोंड सोडणारी ती बाई! साहेब बादलीकडे एकवार बघून निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली उतरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

"तू," मुकादमीणबाईने धाकटीकडे बोट केलं. "बादली मागे रिकामी करून ये. आधी ते कर, मग पाणी पी."

मागच्या अंगणात धाकटीने नॅपकिन उलगडला. टाक डोळ्यांना लावला तेव्हा तो अजून मशीनच्या पाण्याने कोमट होता. तिने तो अंबाड्यात खोचला, वर पिना घट्ट केल्या.

ती आत आली तेव्हा मशीनं पुन्हा सुरू झाली होती. तिचा पेला टेबलावर तसाच होता, वर बशी झाकलेली. ती भिंतीकडे तोंड करून प्यायली.

मुकादमीणबाई पाठमोरी चादरीच्या घड्या घालत होती.

"तो नॅपकिन धुवायला घाल," ती म्हणाली. "आणि कडेला यापुढे दुहेरी टीप मार. एकेरी शिवण या मशीनमध्ये टिकत नाही."