पेल्कींची पाटी

आल्टन ब्रॅग्डन आत आला आणि टोपीसुद्धा न काढता म्हणाला, "पोरी, माझं मृत्युपत्र कर. शेत पुतणीला. आणि ट्रॅक्टर त्या नालायकाला मिळता कामा नये, असं स्पष्ट लिही."

नालायक म्हणजे त्याचा सख्खा भाऊ.

कॉरिन पेल्कीने लॅपटॉप मिटला. "काका, मला नाही करता येणार."

"का? वकील ना तू?"

"ओहायो राज्याची. इथला, मेन राज्याचा परवाना नाही माझ्याकडे. इथे बसून तिकडच्या लोकांची कामं करायची, इथल्या माणसाचा कागद करायचा नाही."

"म्हणजे चूल इथे पेटवायची आणि जेवायला घालायचं परगावच्यांना. धन्य आहे तुमच्या कायद्याची."

त्याचं खोटं नव्हतं. बाबांनी या खोलीत चाळीस वर्षं गावाची वकिली केली. दर रविवारी फोनवर विचारायचे, कधी येतेस? ती म्हणायची, पुढच्या वर्षी. अशी बावीस वर्षं गेली, मग बाबा गेले, आणि मग ही बाईसाहेब गावी परतली. आता खुर्ची तिची होती आणि काम तेवढं तिचं नव्हतं. इथल्या परवान्यासाठी अर्ज केला होता, पण उत्तर यायला निदान सात महिने लागतील, असं तिने त्याला सांगितलं.

"मग मी थांबतो सात महिने," आल्टन म्हणाला.

"गुरुवारी तुमच्या हृदयाचं ऑपरेशन आहे."

"असेल. बाहेर 'पेल्की, वकील' अशी पाटी आहे. ती आहे तोवर मी दुसऱ्या कुणाची पायरी चढणार नाही."

हट्टी म्हातारा. पण पाटीचं त्याचं बरोबर होतं. ती ज्यांचं काम करायची त्या ओहायोतल्या, क्लीव्हलंडच्या ऑफिसने दोनदा बजावलं होतं की ती काढ, लोकांना वाटेल तू तिथली वकील आहेस, नसतं लचांड होईल. स्क्रू गंजलेत, असं तिने कळवलं होतं. तेलाच्या दोन थेंबांचं काम होतं ते. लोकांना तसं वाटावं, हेच तर तिला हवं होतं. आल्टनला हो म्हणावं, बाबांसारखं पिवळ्या कागदावर त्याचं म्हणणं उतरवून घ्यावं, असं तिला फार वाटलं.

ती उठली. मागच्या खोलीतून तेल आणि पेचकस घेऊन बाहेर गेली. आल्टन मागोमाग आला आणि पायरीवर बघत उभा राहिला. चौथा स्क्रू निघाला तेव्हा त्याने मुकाट्याने पाटीला खालून हात लावला.

"झालं," ती म्हणाली. "आता बसा गाडीत."

बटाट्याच्या शेतांमधून चाळीस मैल गाडी चालवून तिने त्याला मेनचा परवाना असलेल्या एका वकीलबाईंकडे नेलं. त्या बाईंनी तासाभरात मृत्युपत्र तयार केलं. चांगलं केलं. भाऊ मागे-पुढे ट्रॅक्टरवर हक्क सांगेल का, हे मात्र विचारलं नाही. बाबांनी पहिलं तेच विचारलं असतं. पण ते विचारणं कॉरिनचं काम नव्हतं.

सहीच्या वेळी दुसरा साक्षीदार कमी पडला. आल्टनने तिच्याकडे बोट केलं. तिने नाव लिहिलं, बाबांच्या घराचा पत्ता लिहिला, सही केली.

बाहेर पडताना आल्टनने तिचा दंड धरला. "चला, तुझंही नाव आलं कागदावर. तुझ्या सहीला अडचण नाही ना काही?"

"नाही काका," ती म्हणाली. "साक्षीला कोणीही चालतं."