कडुनिंबाखालचं पाणी

अकरावा पाईप बोअरमधून वर आला, त्याच्याबरोबर काळा, बुळबुळीत गाळ अभिमनच्या मनगटावर ओघळला आणि त्याने कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. चोपड्याच्या आसपासच्या केळीबागांमधून सबमर्सिबल मोटरी काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, पण किळस काही गेली नव्हती. चहावर माशी बसली की तो चहा ओतून देई. परक्या भांड्याला तोंड लावायला नको म्हणून पिशवीत स्वतःचा स्टीलचा ग्लास ठेवी. असल्या माणसाने हा धंदा का पत्करला, ते त्यालाच ठाऊक.

कप्पीची साखळी ओढणारा प्रेमराज त्याचा जोडीदार. दोघंही ख्रिस्ती. अभिमन जन्मापासून कॅथलिक. प्रेमराजही तसाच, पण आठ वर्षांपूर्वी तो दुसऱ्या मंडळीत गेला आणि तापीच्या पात्रात बुडी घेऊन त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून पाईप वर येत आणि त्याबरोबर वादही वर येई. मारियेला का विनवता, पाप फादरच्या कानात का सांगता, हे प्रेमराज विचारी. तू मला म्हणतोस ना, माझ्यासाठी प्रार्थना कर, मग येशूच्या आईला सांगितलं तर बिघडलं कुठे, असं अभिमन परतवी. दोघांनाही यात मजा येई. मोटर बाहेर पडली की वाद तिथेच राही आणि दोघं एकाच डब्यातली भाकरी खात. अर्थात अभिमन आपली वेगळी काढून घेई.

त्या शनिवारी वाद ख्रिस्तप्रसादावर, म्हणजे फादर मिस्सेत आशीर्वादित करून देतात त्या पातळ भाकरीवर, आला होता. फादर महिन्यातून एकदाच येत. मधल्या रविवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याचं काम त्यांनी अभिमनवर सोपवलं होतं. प्रेमराजचं म्हणणं, ती भाकर म्हणजे नुसती आठवण. अभिमन म्हणाला, माझा देह खा असं प्रभू बोलला तेव्हा ऐकणारे वैतागून निघून गेले. अरे थांबा, मी उपमा दिली, असं म्हणत तो त्यांच्यामागे धावला का? ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आहे.

प्रेमराजने साखळी अडकवली. "मंग उद्या ते खाले पडनं तं काय करशी?"

"उचलीसन खाई लिसू."

"कथाबी पडनं तरी?"

"कथाबी."

प्रेमराजने पुढचा पाईप ओढायला घेतला. कुठेही पडलं तरी उचलून खाईन, हे स्वतःचं उत्तर अभिमनला इतकं आवडलं की घरी जाताना त्याने ते मनात तीनदा म्हणून पाहिलं.

रविवारी ख्रिस्तप्रसादाची छोटी डबी छातीशी ठेवून तो प्रेमराजच्याच घरी गेला. प्रेमराजची आई तानुबाई तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळली होती. मुलाने मंडळी बदलली, तिने नाही बदलली. प्रेमराजने कधी आडकाठी केली नाही. अभिमन यायचा तेव्हा तो दाराशी हात बांधून उभा राहायचा.

अभिमनने तिच्या जिभेवर लहानसा तुकडा ठेवला, घोटभर पाणी पाजलं. ती आमेन म्हणाली. मग तिला ठसका लागला आणि सकाळची दूध-भाकरी, गोळ्या, सगळं भडाभडा बाहेर आलं. गोधडीवर, जमिनीवर. आंबट, कुजका वास खोलीभर पसरला. अभिमन दोन पावलं मागे सरला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो तुकडाही त्यातच आहे.

प्रेमराजची बायको रूपा चुलीतल्या राखेचं घमेलं घेऊन आली. रोजचंच काम, वर राख टाकायची, सुपलीने भरायचं आणि उकिरड्यावर नेऊन टाकायचं.

"वहिनी, राख नका टाकू," अभिमन म्हणाला.

रूपा थांबली. दाराशी प्रेमराज बघत होता. तो हसला असता तर बरं झालं असतं, पण तो हसला नाही.

अभिमन गुडघ्यावर बसला. हात पुढे जाईना. त्याला ओकारीची किळस आली, त्या बिचाऱ्या म्हातारीची आली, आणि ती आली म्हणून स्वतःची सगळ्यात जास्त आली. श्वास कोंडून त्याने बोटं घातली. भाकरीच्या चिकट गोळ्यांमध्ये तो पांढरा तुकडा सापडला. त्याने तो उचलला, हनुवटीपर्यंत आणला. तोंड उघडेना. हात पुन्हा खाली आला.

असं झालं तर काय करायचं, ते फादरांनी त्याला शिकवलं होतं. पाण्यात विरघळू द्यायचं, आणि जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी ते पाणी मातीत ओतायचं. खायला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं त्याच्याच जिभेने, बोअरच्या काठावर. त्यामुळे तो खरा नियमही त्याला पळवाटेसारखा वाटला. त्याने पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढला, पाणी घेतलं आणि तुकडा त्यात सोडला. मग ओल्या कापडाने ती जमीन टिपली, आणि ते कापडही त्याच पाण्यात खळबळलं.

तानुबाईने मान वळवून स्वतःच्या ओठांना हात लावला. "मना तोंडमाईन देव पडना का रे भाऊ?"

"तुले काय पाप नही माय," अभिमन म्हणाला. "आजारपन शे ते."

तो ग्लास घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली बसला. तुकडा विरघळायला वेळ लागत होता. न सांगता प्रेमराज पहार घेऊन आला आणि कुंपणाच्या कोपऱ्यात, खोडाच्या मागे, त्याने हातभर खड्डा केला. अभिमनने पाणी ओतलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

"खाई लिसू म्हनेल व्हतं मी," तो म्हणाला. त्याच्या बोटांना अजून वास येत होता. "नही खावायनं. बठ्ठं नुसतं बोलनं व्हतं मनं."

प्रेमराजने खड्ड्यात माती लोटली, पायाने नाही, हाताने.

"मनी माय शे ती," मग तो म्हणाला. "तीन वरीस व्हयनात. रूपाच काढस बठ्ठी घान. मी आजलगून हात नही लावा."

तो उठून आत गेला.

अभिमनने मातीने आणि साबणाने ग्लास तीनदा घासला, हुंगला आणि पिशवीत ठेवला. निघताना त्याने दारातून पाहिलं. प्रेमराज तोंड एका बाजूला फिरवून, श्वास कोंडून, ओल्या फडक्याने आईची हनुवटी पुसत होता. रूपा राखेचं घमेलं कमरेला लावून तशीच उभी होती.