चामडं नसलेले जोडे

"हलू नकोस गं," असं लेकीला बजावत धाकटी तिच्या फ्रॉकचं बटण काजात सारत होती. पण ते दरवेळी बोटांतून निसटायचं. शेवटी पोरगीच कंटाळून मावशीकडे पळाली. थोरलीनं बटण लावून दिलं आणि बहिणीकडे पाहिलं. धाकटी बोटांची टोकं एकमेकांवर घासत बसली होती.

"काय झालंय हातांना?"

"बधिर झालेत. पायांनाही मुंग्या येतात. कारखान्यातल्या सोल्युशनच्या वासानं होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, ते काम सोडा." धाकटी हसली. "त्यांचं काय जातंय सांगायला!"

बहीण जोड्यांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या कामाला आहे, एवढं थोरलीला ठाऊक होतं. तिथं कसले जोडे होतात, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"तुझ्यासारखेच," दाराशी काढलेल्या जोड्यांकडे मान वळवत धाकटी म्हणाली. "चामडं नसलेले. हल्ली त्यांचाच खप."

थोरलीनं वळून त्या जोड्यांकडे पाहिलं. मागे एकदा रस्त्यात जनावरांचा ट्रक उलटला होता. मोडक्या पायावर उठू पाहणारी गाय तिनं पाहिली आणि घरातलं चामडं हद्दपार केलं. पट्टा, पर्स, सगळंच. नवरा तिला 'साध्वीबाई' म्हणून चिडवू लागला, तरी ती बधली नाही. हे जोडे मिळाले तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला होता.

"मी नाही घालणार ते आता," ती म्हणाली. "ऑफिसातल्या बायकांनाही सांगते. कुणीच घेतले नाहीत की मालक येईल ताळ्यावर."

"डोकं फिरलंय का तुझं?" धाकटीचा आवाज एकदम चढला. "मध्यंतरी मागणी घटली, तर त्यानं अर्ध्या बायकांना घरी बसवलं. मी हातापाया पडून टिकले. आता तूच माझ्या पोटावर पाय दे!"

"मग दुसरं काम बघू. शिवणाचं एखादं..."

"या बोटांनी सुई धरू?" धाकटीनं लेकीला जवळ ओढलं, फ्रॉकची चुरगळलेली झालर सारखी केली. "आणि हा तू आणलास तो, एवढ्या स्वस्तात कसा गं देतात? तिथंही कुणीतरी माझ्यासारखीच बसली असेल."

थोरलीच्या पिशवीत तसलाच आणखी एक फ्रॉक होता. स्वस्त म्हणून खुशीत दोन घेतले होते. तिनं पिशवी हळूच पायाशी सरकवली.

"मग मी करू तरी काय?"

"मला ठाऊक असतं तर इथं बसले असते?"

त्यानंतर दोघीही इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. निघताना थोरली दाराशी अनवाणीच घुटमळली. जोड्यांकडे तिचा पाय वळेना.

ते पाहून धाकटी खाली बसली. तिनं एक जोडा उचलून मांडीवर घेतला.

"थांब, कुठं उकललाय का बघू."

तिनं तळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मधेच थांबली. पुन्हा फिरवला. मग जोडा उचलून गालाशी नेला आणि ती कड गालावरून सावकाश ओढली.

"नाही, पक्का आहे," ती म्हणाली, आणि जोडा बहिणीच्या पायापुढे ठेवला. "घाल."

थोरलीनं पाय पुढे केला.