अडलेली सही

ग्लेंडानं मिसेस पिकर्सगिलच्या दाराची बेल तिसऱ्यांदा दाबली आणि काठीवर भार टाकून खिडकीच्या पडद्याकडे बघत उभी राहिली. पडदा हलला होता. म्हणजे बाई घरात होती आणि तिला दार उघडायचं नव्हतं. असं थेट दारात येऊन ठाकणं रीतीला धरून नव्हतं, हे ग्लेंडालाही ठाऊक होतं. घर घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं आपापल्या वकिलातर्फेच बोलायचं असतं. पण वकिलातर्फे बोलण्यात एकवीस आठवडे गेले होते.

एवढ्या काळात तिचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. आधी दाखले अडवणाऱ्या नगरपालिकेवर, मग तिचं नि नवऱ्याचं वोंबवेलचं राहतं घर घेणाऱ्या तरुण जोडप्यावर, कारण त्यातली मुलगी जरा जास्तच गोड बोलायची. आता मिसेस पिकर्सगिलची पाळी होती. वकिलाच्या ऑफिसातली नताशा दर गुरुवारी फोनवर एकच पालुपद लावायची, सही होऊन कागद यायचे आहेत. कुणाची सही, हे विचारायची ग्लेंडाला गरजही वाटली नव्हती. बाईला जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक भेटलं असणार, दुसरं काय? आणि इकडे ग्लेंडाची कंबर तिला जिना चढू देत नव्हती. झोपायला जाताना ती पायरीवर बसून, एकेक पायरी मागे सरकत वर जायची. सिल्कस्टोनचं हे बैठं घर हातचं गेलं तर पुढचा हिवाळाही त्याच जिन्यावर काढावा लागणार, या विचारानं तिला रडू यायचं.

दार चारच बोटं उघडलं.

"काय हवंय?"

"मी ग्लेंडा हॉब्सन. तुमचं घर आम्ही घेतोय. म्हणजे, तुम्ही देणार असाल तर."

"मी देणार असेन तर?" मिसेस पिकर्सगिलनं दार सताड उघडलं. मागे छतापर्यंत खोकी रचलेली होती. "पाच आठवडे खोक्यांत राहतेय मी! चहाचा एक कप तेवढा बाहेर ठेवलाय. माझी सही कधीच झाली, बाई. अडलीय ती तुमची. शुक्रवारपर्यंत आली नाही तर घर पुन्हा विक्रीला लावते, सांगून ठेवते."

"पण आमच्याकडे कागद आलेलेच नाहीत."

"तुमचे मिस्टरही हेच सांगतात. दर सोमवारी."

"सोमवारी?"

"गेले तीन सोमवार येतायत की. मागच्या खोपटात ठोकाठोक करत असतात. माणूस चांगला आहे, पण फळी वाकडी बसवलीय."

परतीच्या बसमध्ये ग्लेंडाला एकेक आठवू लागलं. सोमवारी ट्रेव्हर क्लबात डॉमिनो खेळायला जायचा, निदान तसं सांगायचा. चाळीस वर्षांत ज्यानं एक पाकीट फोडलं नव्हतं, तो हल्ली पोस्टमनला फाटकातच गाठायचा. आणि वसंतात शर्यतीची सगळी कबुतरं त्यानं इतक्या मुकाट्यानं विकली होती, की तिला तेव्हाच नवल वाटलं होतं. एक जोडी उरलीय, तिला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणाला होता. तर पाणी इथं मुरत होतं. याला घर सोडायचंच नाही. बायको बसत बसत जिना चढते ते याला चालतं. हे तिला कमरेपेक्षा जास्त दुखलं.

घरी पोचल्यावर कोटही न काढता ती थेट मागच्या कबुतरांच्या खुराड्यात शिरली. वीस वर्षांत तिनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. दाण्यांचा डबा उचलला, तर खाली पाकीट. वकिलाचा शिक्का, फोडलेलं. मागच्या बाजूला ट्रेव्हरच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: १५ मे, अंडी. २ जून, फुटली. आणि त्याखाली, २८ जून, पुढे प्रश्नचिन्ह.

कोपऱ्यातल्या मातीच्या थाळीत दोन पिवळी, लवभरली पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. तीन दिवसांची, अजून डोळे न उघडलेली.

"जी इथून एकदा उडाली, ती इथलीच झाली, ग्लेंडा," मागून ट्रेव्हर म्हणाला. तो टोपी हातात घेऊन दारात उभा होता. "आठ मैलांवर नेलं तरी सोडल्याबरोबर इथं येणार, परक्याच्या अंगणात. न उडालेली पिल्लं तेवढी नव्या घराची होतात, त्यांच्यासाठीच तिथल्या खोपटात खुराडं ठोकतोय. पण त्यांना आधी आपलं आपण खाता आलं पाहिजे, त्याला अजून तीन आठवडे."

"आणि तोवर मी पायऱ्या मोजत बसू?"

तो टोपी चुरगाळत राहिला.

"मला विचारायचंस," ती म्हणाली.

"तू हो म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं."

ग्लेंडानं पर्समधून पेन काढलं, पाकिटातले कागद डब्याच्या झाकणावर ठेवून आपली सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्यानंही सही केली.

"पलंग आत्ताच्या आत्ता पुढच्या खोलीत आणायचा," ती म्हणाली. "हे तुला तीन आठवड्यांपूर्वी सुचायला हवं होतं."

"आणतो."

तो वळला तशी तिनं फोन लावला.

"सह्या झाल्यात, नताशा. उद्या मी स्वतः कागद आणून देते."

"अरे वा! सुटलो एकदाचे! मग ताबा पुढच्याच शुक्रवारी घेऊन टाका ना."

ग्लेंडानं पाकीट उलटं केलं. एका पिल्लानं मान वर करून चोच उघडली होती.

"नाही. अठ्ठावीस जूनला."

"अठ्ठावीस? मिसेस पिकर्सगिल मला खाऊन टाकतील. कारण विचारतील, त्यांना आधीच सगळ्यांचा संशय येतोय. काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," ग्लेंडा म्हणाली. "सोमवारी ट्रेव्हरबरोबर मीच जातेय तिकडे. ती फळी सरळ करायचीय."