चवीचं टरबूज

खाजामियाँनं सुरी टरबुजात खुपसली, तीन बाजूंनी फिरवली आणि टोकावर लालभडक फोड उचलून गिऱ्हाइकापुढं धरली.

"घ्या, खाऊन बघा. साखर हाय साखर. न्हाई आवडलं तर चालू लागा."

गिऱ्हाइकानं फोड तोंडात टाकली, मान डोलावली, ढिगातलं एक टरबूज उचललं आणि पैसे देऊन ते निघून गेलं. खाजामियाँनं फोडी काढलेलं टरबूज पुन्हा पोत्याखाली सरकवलं.

सिरसाळ्याच्या बाजारात तीस वर्षं हेच चाललं होतं. सकाळी माल उतरला की तो एकेक टरबूज बोटांनी वाजवून बघायचा आणि त्यातलं सगळ्यात गोड ते बाजूला काढायचा. ते विकायचं नाही, त्याची फक्त चव द्यायची. घरात त्याला 'चवीचं' म्हणत. संध्याकाळी त्यातलं उरेल ते घरी येई, त्यामुळं त्याची लेक शाहीन लहानपणापासून बाजारातलं सगळ्यात गोड टरबूज खात वाढली होती. फक्त ते भोकं पडलेलं असे, एवढंच. खोटं म्हणाल तर खाजामियाँ कधी बोलला नाही. "याच ढिगातलं हाय" असं तो सांगे आणि ते त्याच ढिगातलं असे. आता ढिगातली बाकीची कशी निघतील, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शाहीन गाड्यापाशी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पोरगी बी.कॉम. झालेली, गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांना बँकेचे कागद वाचून दाखवणारी. घरात बापलेक दखनी बोलत, पण गाड्यावर मराठीच. गिऱ्हाइकाला परकं वाटू नये, हा खाजामियाँचा नियम होता.

"अब्बा, माझी चूक झाली," ती म्हणाली. "तो फुकटचा क्लास मीच सगळ्यांना पाठवला."

"कावून? चांगला शिकवतो म्हणलीतीस की."

"चांगलंच शिकवतो. तिथंच तर घोळ हाय."

हा क्लास म्हणजे जीवन सरांचा, मोबाईलवरचा. गेल्या साली कुठलीशी पतसंस्था बुडाली आणि अर्ध्या गल्लीचं तोंड पोळलं. तेव्हापासून शाहीननं मनावर घेतलं होतं की आपल्या बायकांना पैशाचं काही कळलं पाहिजे. शोधता शोधता तिला हे सर सापडले. सात दिवस, रोज अर्धा तास, एक रुपया फी नाही. फुकट ते पौष्टिक म्हणत वीसच्या वीस बायकांनी ऐकलं. कुणी भाकरी थापता थापता, तर कडूबाईनं शेळ्यांमागं रानात फिरता फिरता. आधी बचत, मग खर्च. अडीअडचणीचा पैसा वेगळा ठेवा. विमा कशाला म्हणतात. सगळं खरं आणि सगळं उपयोगाचं. आता शुक्रवारी सर स्वतः गावात येणार होते आणि गटाची शिल्लक, एक लाख ऐंशी हजार, त्यांच्या योजनेत घेणार होते. महिन्याला तीन टक्के. गटाच्या अध्यक्षा गीताबाईंनी शब्दही देऊन टाकला होता.

शाहीननं पर्समधून एक पातळ पुस्तिका काढली.

"ही रिझर्व्ह बँकेची हाय. मराठीत, कुणालाबी फुकट. सरांचं सगळं यातलंच हाय, उदाहरणंसुद्धा. शिकवणं इथलं, योजना तेवढी त्यांची. अन् ती कुठंच नोंदलेली न्हाई. सेबीच्या यादीत त्यांचं नाव न्हाई, दुसरीकडंबी न्हाई. बीडला जाऊन आर्थिक साक्षरता केंद्रातल्या बाईंना विचारून आले."

"त्या बाई काय विकतात?" खाजामियाँनं लगेच विचारलं. तीस वर्षं गाडा लावणाऱ्याला दुसरा प्रश्न सुचत नाही.

"कायच न्हाई. मी तीनदा विचारलं, मग आमी पैसे कुठं टाकावेत? तर म्हणाल्या, ते तुमी ठरवायचं. मी फक्त तपासायचं कसं ते सांगते."

"मग आपल्या बायांना सांग की हे."

"सांगितलं. गीताकाकू म्हणतात, सात दिवस खरं बोलणारा माणूस आठव्या दिवशी खोटं कसा बोलंल?" शाहीनची नजर पोत्याकडं गेली. "अब्बा, तुमचं चवीचं त्यांना सांगू का? एका मिनिटात समजंल."

खाजामियाँनं पोतं आणखी पुढं ओढलं.

"न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची असती, बेटा. गाड्याची गोष्ट गाड्यावरच ऱ्हाऊ दे. माझीच गिऱ्हाइकं हायत त्या सगळ्या."

"बरं," शाहीन म्हणाली आणि निघून गेली. ना हट्ट, ना रुसवा. खाजामियाँला तेच जास्त टोचलं.

शुक्रवारी शाळेचा मोठा वर्ग बायकांनी भरून गेला. गंमत म्हणजे जीवन सरांनी पंचवीस प्लेट फळं खाजामियाँकडंच सांगितली होती. गाडा थेट शाळेच्या अंगणात लावून तो व्हरांड्यात, खिडकीखाली फोडी करत बसला. आतलं सगळं त्याला दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. त्याची बायको बीबीजान दुसऱ्या रांगेत होती, तिच्याशेजारी कडूबाई.

सर गोड बोलत होते. इस्त्रीचा शर्ट, आवाजात माया. त्यांचं संपलं तशी शाहीन उठली. तिनं पुस्तिका वर धरली, कुठलं पान कशाचं ते सांगितलं, यादीचं सांगितलं, बीडच्या बाईंचं सांगितलं. आवाज स्वच्छ होता, पण बायका एकमेकींकडं बघत होत्या. यादी, नोंदणी, परवाना हे शब्द त्यांच्या डोक्यावरून चालले होते.

सर हसले. "शाहीनताई, अहो, माझा क्लास या सगळ्यांना तुम्हीच पाठवलात ना? तेव्हा मी चांगला होतो. मग आता काय बिघडलं?"

दोघीतिघी हसल्या. शाहीनचा चेहरा उतरला.

"बस गं बाई आता," गीताबाई समजुतीनं म्हणाल्या. "त्यांनी शिकवलेलं एक तरी वाकडं निघालं का? माणूस कळतो की." आणि त्यांनी पिशवीतून सह्या केलेला चेक काढला.

शाहीननं खिडकीकडं पाहिलं. तिच्या ओठांवर काय आलंय ते खाजामियाँला कळलं. एवढ्या बायकांत तिला कोण अडवणार होतं? ती बोलली असती तर तो काय करणार होता? पण ती बोलत नव्हती. तिनं बापाला 'बरं' म्हटलं होतं, आणि तेवढ्यासाठी ती वीस बायकांपुढं खोटी पडत उभी होती.

खाजामियाँनं सुरी खाली ठेवली. तो अंगणात गेला, गाड्यावरचं पोतं उचललं आणि सकाळपासून फोडी काढलेलं ते टरबूज दोन्ही हातांनी आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, भोकांची बाजू वर्गाकडं करून. मग परत बसला आणि मान खाली घालून फोडी करू लागला.

मग शाहीनचा आवाज आला, आधीपेक्षा मोकळा.

"हे टरबूज बघितलं का? माझ्या अब्बाच्या गाड्यावर तुमी सगळ्यांनी असल्याच टरबुजाची चव घेतली हाय. रोज सगळ्यात गोड एक टरबूज ते काढून ठेवतात. फोड त्याची देतात, विकतात ढिगातलं दुसरं. फोड गोड लागली ते खरंच. पण तुमी घरी नेलं ते टरबूज तुमी चाखलंच न्हाई. सरांचे सात दिवस ही फोड हाय, काकू. चेक मात्र तुमी ढिगाला देताय."

वीस बायकांच्या माना खिडकीकडं वळल्या. खाजामियाँचे कान तापले. तीस वर्षांचं झाकलेलं भर वर्गात उघडं पडलं होतं आणि ते त्यानंच आणून ठेवलं होतं. जमिनीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. आणि त्याच वेळी, त्याच छातीत, असं काही भरून आलं की हातातली फोड दिसेनाशी झाली. माझी लेक आहे ही, असं त्याला उठून सांगावंसं वाटलं. पण सगळ्यांना ते माहीतच होतं.

कडूबाई उठली. तिनं पदर खोचला.

"मंजे सर, तुमी आमाला फोड चारली, अन् ती बी दुसऱ्याच्या टरबुजाची? त्या पुस्तकातली?"

"मावशी, तसं नसतं हो. शिक्षण वेगळं, योजना वेगळी..."

"तेच म्हणती मी. तुमचं टरबूज कापून दावा की. शेळी घेताना आमी तिचं तोंड उघडून दात बघताव. मालक लई गोड बोलला म्हणून बिगर बघता घेत न्हाई. तुमची योजना कुठं नोंदलीय, त्यो कागद दावा."

कागद संभाजीनगरच्या ऑफिसात होता. सोमवारी नक्की पाठवतो, असं सर म्हणाले. गीताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग शाहीनकडं, आणि चेक घडी घालून परत पिशवीत ठेवला.

"मग सोमवारी बघू," त्या म्हणाल्या. "आधी शाहीन वाचंल, मग आमी."

सरांची गाडी फाटकाबाहेर गेली. फळांचे राहिलेले पैसे मागायचं खाजामियाँच्या ध्यानातही आलं नाही. बायका बाहेर येऊन प्लेटा उचलू लागल्या. शाहीनभोवती घोळका झाला होता, ती पुस्तिका आम्हाला पण मिळेल का, म्हणून. कडूबाई रोजच्यासारखी शेळ्यांसाठी साली गोळा करायला वाकली.

"खाजाभाई, तीस वर्सं फशिवलं व्हय आमाला?"

"गोडच निघायचं की बहुतेक," तो पुटपुटला.

"बहुतेक!" कडूबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका खळखळून हसल्या. खाजामियाँही हसला. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी दिंद्रुडकडं चाललेला एक मोटरसायकलवाला गाड्यापाशी थांबला. परगावचा माणूस. त्याला शाळेतलं काहीच ठाऊक नव्हतं.

"गोड हाय का?" त्यानं विचारलं.

खाजामियाँचा हात सवयीनं पोत्याखाली गेला. तिथं काही नव्हतं. सकाळी टरबुजं वाजवून बघताना त्यातलं सगळ्यात गोड कोणतं ते त्याला कळलं होतं, तरी त्यानं ते ढिगातच राहू दिलं होतं.

"तुमाला कोणतं घ्यायचं ते उचला," तो म्हणाला.

त्या माणसानं एक उचललं. खाजामियाँनं त्याच टरबुजात सुरी खुपसली. फोड फिकी गुलाबी निघाली. त्यानं ते बाजूला ठेवलं. दुसरं कापलं, ते लाल निघालं. माणूस दुसरं घेऊन गेला. जाताना त्यानं मागं वळून एकदा गाड्याकडं पाहिलं.

संध्याकाळी खाजामियाँ ते फिकं टरबूज काखेत घालून घरी आला. बीबीजाननं ताटात कापलं. तिघं बसले. बीबीजाननं एक घास घेतला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"फीका है जी."

"हाँ," तो म्हणाला. "अब ऐसाच रहेगा."

बीबीजाननं फोड ताटात परत ठेवली. शाहीननं आपली फोड सालीपर्यंत कुरतडून खाल्ली, हनुवटीवरून ओघळलेला रस हाताच्या पाठीनं पुसला आणि आणखी एक घेतली.