आजचा आकडा

अर्धांगाच्या झटक्यात भगवानरावांची वाचा गेली आणि जगाशी त्यांचं नातं दोनच वस्तूंपुरतं उरलं: कबड्डीचे जुने सामने दाखवणारा टॅब, आणि बायकोला, रंभाबाईंना, बोलवायचं झालं की चमच्याने वाजवायचा स्टीलचा ग्लास. सामना रंगात आला की मध्येच जाहिरात किंचाळायची आणि त्यांचं अर्धं अंग थरथरत राहायचं. सातवीपर्यंत शिकलेल्या रंभाबाईंनी मग दोन महिने इंटरनेटवर वाचून, चुकून, स्वतःलाच शिव्या घालून, मुठीत मावेल एवढा एक संगणक नवीन पनवेलच्या त्या घरातल्या वायफायला जोडला. कोणत्याही यंत्राकडे येऊ पाहणारी जाहिरात ही डबी दारातूनच परत पाठवायची.

"तुज्या डिगरीला जमला नाय, ता मी केला," त्यांनी पुण्याच्या लेकाला, प्रणितला, फोनवर ऐकवलं.

दिवसभरात किती अडवलं, त्याचा आकडा मोबाइलवर दिसायचा. तो वाढलेला बघायची त्यांना चटकच लागली. काय काय अडवायचं याच्या लोकांनी केलेल्या आयत्या याद्या मिळत. त्या एकीवर एक चढवत गेल्या, न वाचता. शेवटच्या यादीला नावही नव्हतं.

घर निवांत झालं. भगवानरावसुद्धा आता ग्लास वाजवत नाहीत, शहाणे झालेत, असं त्या शेजारी कौतुकाने सांगत.

पंधरवड्याने सुकापूरच्या नाक्यावर मैना कोळीण भेटली. पाटी खाली न ठेवताच म्हणाली, "काय गो रंभाबाय, म्हावरा सोडलास का मला सोडलास? रोज खिडकीखाली बोंबलतंय मी. तू वरशी बघतेस न आत जातेस."

"तू आलीसच नाय."

"नाय? मंग तुजा बोका रोज कोनाची कोलंबी खातो?"

रंभाबाई हसल्या. घरी आल्या तर डाळ करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. दुसऱ्या दिवशी त्या कुकरसमोर मुद्दाम उभ्या राहिल्या. शिटी उचलली गेली, वाफ छतापर्यंत गेली, आवाज मात्र झाला नाही. पंखा ऐकू येत होता. नळाची धारही. ग्लास शेवटचा कधी ऐकला, ते मात्र काही केल्या आठवेना.

त्यांनी डबीची वायर उपटली. डबीवरचा हिरवा दिवा विझला. वायर हातात तशीच धरून त्या आतल्या खोलीच्या दारात गेल्या.

भगवानराव त्यांच्याकडेच बघत होते. ग्लासाच्या कडेला पोचे पडले होते, चमचा दांड्यात वाकला होता. त्यांनी तो उचलला आणि जीव खाऊन ग्लासावर हाणला.

पंखा तेवढा ऐकू येत होता. रंभाबाईंच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर आजचा आकडा एकाने वाढला.